रिकामा असायला हवा होता तो रकाना

नमस्कार. मी इथे बरेच दिवस नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा नववीतच सुटली माझी.

आधी एक सांगते. अंगात येणं, बाहेरची बाधा, भगत, लिंबू... या सगळ्यावर माझा विश्वास नाही हे तर आहेच, पण त्याहून जास्त राग आहे. आमचं गाव किनवटकडे. तिथे माझ्या बापाच्या गळ्यातली गाठ भगताने आठ महिने मंतरली. आठ महिन्यांनी त्याला घेऊन आम्ही परळला आलो तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "इतके दिवस कुठे होतात?" बाप त्यातून उठला नाही. म्हणून खाली लिहिलेलं मी कुणा देवाच्या किंवा भुताच्या नावावर लावत नाहीये. जे झालं ते तसंच लिहिते.

लालबागला एका ट्रस्टची जागा आहे. परळच्या हॉस्पिटलांत बाहेरगावचे पेशंट येतात, त्यांच्या नातेवाइकांना तिथे राहायला मिळतं. वर खोल्या, खाली ऑफिस. बाप आजारी होता तेव्हा आम्ही तिथेच राहिलो. तो गेल्यावर माय आणि माझा भाऊ दत्तादादा गावी परत निघाले, तर ऑफिसातले सामंतकाका मला म्हणाले, "पोरी, तू कशाला जातेस? चादरी मोजायला माणूस हवंय मला. इथे दोन वेळचं जेवण आहे, वर झोपायला जागा आहे." मी तेव्हा सतरा वर्षांची. गावी गेले असते तर त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं असतं. काकांनी मला ठेवून घेतलं हे माझ्यावर किती मोठं ऋण आहे ते मला लिहून सांगता येणार नाही.

सामंतकाका जुने गिरणीतले. टाइम ऑफिसला होते, हजेरी लिहायचे. गिरणी बंद झाल्यावर ट्रस्टकडे आले आणि रक्तदात्यांची यादी सांभाळू लागले. यादी म्हणजे कार्डं. तीन हजारांच्या वर कार्डं, बुटांच्या खोक्यांत उभी लावलेली. नाव, रक्तगट, पत्ता, फोन आणि सगळ्यात खाली एक ओळ – 'नि.' म्हणजे निरोप. पूर्वी चाळीत एकाच घरी फोन असायचा. फोन आला की ती बाई गॅलरीतून हाक मारायची. म्हणून प्रत्येक कार्डावर लिहिलेलं असायचं, निरोप कोणाकडे द्यायचा. घरोघरी फोन आले, मोबाइल आले, तरी काकांनी ती ओळ सोडली नाही.

मी अठराची झाल्यावर पहिल्यांदा रक्त दिलं. काकांनी माझं कार्ड केलं. "निरोप कोणाकडे?"

"मुंबईत माझं कोणी नाही काका."

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. लिहिलं – 'नि. सामंत.'

मग कॉम्प्युटर आला. दादरचा निनाद म्हणून एक इंजिनिअर आहे, शनिवारी येऊन ट्रस्टचं काम फुकट करतो. त्याने दात्यांसाठी वेबवर एक ॲप्लिकेशन केलं आणि हळूहळू मलाच शिकवलं. मी नववी शिकलेली, मला वाटायचं हे आपल्याला झेपणार नाही. तो म्हणायचा, "अगं, चादरींची एवढी वही ठेवतेस ना? मग हेच ते. डेटाबेसमध्ये रकाना करायचा आणि फॉर्मवर त्याची चौकट ठेवायची. दोन्ही केलं पाहिजे. नुसती चौकट ठेवलीस तर माणूस टाइप करेल, सेव्ह दाबेल आणि सगळं हवेत जाईल." हे मला एकदम पटलं होतं.

रक्तगटाला आम्ही ड्रॉपडाउन ठेवला. आठ गट. निनादचं म्हणणं होतं, लोकांना हाताने लिहायला दिलं की कोणी 'ओ पॉझिटिव्ह' लिहितं, कोणी शून्य काढतं, मग शोधता येत नाही. बरोबरच होतं ते. 'नि.' मात्र त्याने काढायला लावलं. "मोबाइल नंबर आहे ना? मग शेजारणीचं नाव कशाला?"

मी काकांना सांगितलं. ते तेव्हा आजारी होते, ऑफिसात येऊन नुसते बसायचे. कॉम्प्युटरला त्यांनी कधी बोट लावलं नाही. संध्याकाळी जाताना त्याच्यावर टॉवेल तेवढा टाकायचे. म्हणाले, "मोबाइल बदलतात गो माणसं. शेजारी बदलत नाहीत. रकाना ठेव."

मी हो म्हटलं. आणि ठेवला नाही.

कार्डं मीच एकटीने चढवली, सहा-सात महिने लागले. त्यांत दोन की तीन कार्डं अशी आली की गटाच्या जागी काकांनी लाल शाईने लिहिलं होतं – बॉम्बे. हा एक फार दुर्मिळ गट असतो. साध्या तपासणीत तो ओ सारखाच दिसतो, पण त्या माणसाला ओ चं रक्त चालत नाही, फक्त त्याच गटाचं लागतं. माझ्या ड्रॉपडाउनमध्ये तो नव्हता. मी निनादला फोन केला. तो कुठेतरी मीटिंगमध्ये होता. "सध्या ओ पॉझिटिव्ह टाक, नंतर वेगळं फील्ड करू." मी टाकलं. कार्डावर पेन्सिलने खूण केली, नंतर आठवावं म्हणून.

ते नंतर काही आलं नाही. काका गेले. पुढच्या पावसाळ्यात ऑफिसला ओल आली, खोकी भिजली, आणि ट्रस्टने सांगितलं की सगळं कॉम्प्युटरवर आहे तर कार्डं काढून टाका. मी स्वतः सुतळीने गठ्ठे बांधले. रद्दीवाला दोन फेऱ्यांत घेऊन गेला.

याला दोन वर्षं झाली. आणि यंदा दत्तादादा आला.

गावी त्याला चक्कर यायची, पोटात दुखायचं. यावेळी मी भगताचं नावही काढू दिलं नाही, सरळ बोलावून घेतलं. परळलाच ॲडमिट केलं. पोटात गाठ, आतून रक्त जातंय, ऑपरेशन लवकर करा म्हणाले. रक्त चढवायला म्हणून सँपल पाठवलं... तर एकही पिशवी जुळेना. दुसऱ्या दिवशी रक्तपेढीच्या मॅडमनी मला आत बोलावलं. "तुमच्या भावाचा बॉम्बे गट आहे. तुमच्या घरातल्यांचं तपासू आधी."

माझं तपासलं. साधं ओ. मायचं तपासलं – बी. माय बाहेरच्या बाकावर बसून म्हणत होती, "माझ्या लेकराला माझंच रगत काहून नाही चालत?"

त्यांच्याकडे असल्या दात्यांची यादी होती. एकाने पंधरा दिवसांपूर्वीच दिलं होतं. एकाला कावीळ झाली होती. एकजण परराज्यात, यायला चार-पाच दिवस. डॉक्टर म्हणाले, चार-पाच दिवस आपल्याकडे नाहीत. हिमोग्लोबिन चारवर आलं होतं. दादाचे ओठ कागदासारखे. माझा हात धरून म्हणाला, "वैशे, मला घरी ने. इथं मरायचं नाही मला. बाप पण इथंच गेला."

आणि मला आठवलं. लाल शाई. दोन की तीन कार्डं.

माझ्याच यादीत तो माणूस होता. मीच त्याला ओ केलं होतं. ओ पॉझिटिव्हमध्ये आठशेच्या वर नावं, त्यातला कोण ते मला कसं कळणार? मी तिथेच जिन्यात बसले. स्वतःच्या हातांची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

सकाळी साडेदहाला लालबागला ऑफिसात आले. निनादला फोन केला. तो कामावर होता, पण यावेळी मीटिंग सोडून बाहेर आला. म्हणाला, "ऐक. मी माझे चार मित्र लावतो फोनला. आठशे लोकांना एकेक करून विचारू – तुमचा गट बॉम्बे आहे असं कोणी सांगितलंय का. पण आधी फॉर्ममध्ये दोन फील्ड कर, नाहीतर कोणी कोणाला विचारलं याचा घोळ होईल. एक, दुर्मिळ गट. दुसरं..."

"निरोप कोणाकडे," मी म्हटलं.

"हां. ते पण कर."

मी दोन रकाने केले, दोन चौकटी ठेवल्या. घाईत दोनदा एरर आली. झाल्यावर मी नेहमीसारखी तपासणी केली. निनादने लावलेली सवय – नवीन रकाना केला की 'भरलेल्या नोंदी दाखव' असं शोधायचं. उत्तर शून्य यायला हवं. शून्य आलं की रकाना नीट झाला.

उत्तर आलं – १ नोंद.

मला वाटलं मीच काहीतरी चुकवलं. पुन्हा शोधलं. एक. नोंद उघडली.

मंगेश अनंत धुरी. ओ पॉझिटिव्ह. पत्ता – तुळसाबाई चाळ, लालबाग. आणि खाली, पाच मिनिटांपूर्वी मी केलेल्या दोन चौकटींत –

दुर्मिळ गट: बॉम्बे.
निरोप कोणाकडे: सौ. परब. १४वा मजला, १४०६. दु. ३ नंतर. फोन नको. स्वतः जावे.

दर दोन शब्दांनंतर पूर्णविराम. असं एकच माणूस लिहायचा.

भीती वाटली का, असं विचाराल. नाही वाटली. भीती वाटायला डोक्यात जागाच नव्हती. मी मंगेश धुरींचा मोबाइल लावला, तो नंबर अस्तित्वातच नव्हता. तुळसाबाई चाळ मला माहीत होती, म्हणजे ती आता नाही. पाडली, तिथे टॉवर झालाय. मी तशीच चालत निघाले.

पोचले तेव्हा बारासुद्धा वाजले नव्हते. गेटवर वॉचमनने अडवलं. "किधर जाना है? किसके पास?"

"चौदह सौ छह. परब."

त्याने इंटरकॉम लावला. कोणी उचलेना. "घर पे नहीं है. बाद में आओ."

मी कुठे जाणार होते? गेटसमोरच्या कट्ट्यावर बसले. मध्येच मायचा फोन – "दादाला ऑक्सिजन लावला, तू कुठं मेलीस?" मी म्हटलं, माणूस शोधतेय. "कोणता माणूस?" मी फोन ठेवला. निनादच्या मित्रांनी फोन सुरू केले होते. तो दर अर्ध्या तासाने सांगायचा – अजून नाही, अजून नाही, निम्मे नंबर बंद आहेत. आणि मी कामं टाकून एका कट्ट्यावर बसलेली, स्क्रीनवर आलेल्या एका ओळीच्या भरवशावर. मनात आलं, बापाला घेऊन भगताच्या ओट्यावर बसायचो, त्यात आणि यात काय फरक आहे? एकदा उठलेसुद्धा. चार पावलं गेले आणि परत येऊन बसले.

तीन वाजून गेल्यावर एक ठेंगणी म्हातारी नातवाचं दप्तर खांद्याला लावून, त्याचा हात धरून आली. वॉचमनने माझ्याकडे बोट केलं.

"परब मावशी?" मी विचारलं.

"काय?" तिने कान पुढे केला. "मोठ्यान बोल गो, माका कमी ऐकू येता."

"मंगेश धुरी कुठे असतात? रक्त हवंय. माझा भाऊ..." रस्त्यावरच रडायला आलं.

तिने दप्तर खाली ठेवलं. "रगत? तुका सामंतान धाडल्यान?"

"सामंतकाका गेले मावशी. दोन वर्षं होऊन गेली."

"अरे देवा... माका कोणी सांगूक नाय." तिने पदराने डोळे पुसले, पण क्षणभरच. मग नातवाला म्हणाली, "मेल्या, तो गेम बंद कर आणि फोन दी. तुझ्यामुळे कोणाचो फोन लागत नाय." माझ्याकडे वळून, "मंगेश वडाळ्याक असता आता. नंबर तीनदा बदललो तेचो. पण आमच्या चाळीतलो कोण खंय गेलो ता सगळा माका पाठ आसा. रड नको, बाय माझे."

तिने फोन लावला. ओरडूनच बोलली, अख्खा रस्ता ऐकत होता. "मंगेशा! आसशील तसो ऊठ. परळाक जा. एका पोरीचो भाव आसा!"

साडेपाचला मंगेश धुरी रक्तपेढीत उभे होते. चाळिशीचे, स्कूल बस चालवतात, खाकी शर्टातच आलेले. मी पायाच पडायला गेले तर मागे सरकले. "अहो, काय करताय! आधी सुई टोचू दे." मग खुर्चीत बसल्यावर म्हणाले, "मागच्या वेळी सामंत आले होते बोलवायला. परब मावशीने गॅलरीतून हाक मारली, मी अंघोळीला होतो, तसाच नेला मला. आता ते नाहीत म्हणता. मग मावशीचं नाव कोणी दिलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "त्यांच्याच नोंदीत होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला ती पिशवी चढली. चार दिवसांनी परराज्यातला दाता आला, दुसरी पिशवी मिळाली, ऑपरेशन झालं. पहिली नसती तर ते चार दिवस दादाने काढले नसते, हे मी नाही, डॉक्टर म्हणाले. दादा आता गावी आहे, भाकरी खातो, फोनवर मला शिव्या देतो. माय म्हणते देवीने वाचवलं. मी म्हणते मंगेशदादांनी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

मी निनादला सगळं दाखवलं. तो असल्या गोष्टींवर हसणारा. शनिवारी अख्खा दिवस बसून त्याने एकेक शक्यता काढली. रकाने मी केले ती वेळ नोंदलेली आहे. त्यानंतर ती नोंद कोणी बदलल्याची खूणच नाही. मित्रांना लॉगिन दिलं ते दुपारी एकनंतर. जुना काही मजकूर कुठे लपून राहिला असेल म्हणावं, तर रकानाच आधी नव्हता, मजकूर राहणार कशात? शेवटी तो म्हणाला, "वैशाली, समज मी सोडून दिलं. समज कार्ड चढवताना तूच कधीतरी कुठेतरी हे टाइप केलंस आणि विसरलीस."

मी म्हटलं, "आणि १४०६?"

कारण ते मी मावशीला नंतर विचारून आले होते. चाळ पडल्यावर ती भाड्याने परळ गावात राहत होती. टॉवर पुरा झाला आणि खोल्यांसाठी चिठ्ठ्या काढल्या, त्याला वर्षसुद्धा झालेलं नाही. चौदावा मजला आपल्याला मिळणार हे तिलाच माहीत नव्हतं. नातवाला शाळेतून आणायचं कामही तेव्हापासूनचं. आणि काका गेले तेव्हा त्या जागेवर नुसता खड्डा होता.

निनाद उठला. जाताना कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून गेला. हे त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं.

मी ओ पॉझिटिव्हच्या सगळ्या नोंदी उघडून बघितल्या. एकेक, हाताने. बाकी सगळे रकाने रिकामे. म्हणजे लाल शाईचा आणखी एक माणूस तरी अजून त्या आठशेमध्ये आहे आणि तो कोण ते मला माहीत नाही. त्याचं नाव कोणी सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी मी दहा-बारा घरी जाते – लालबाग, परळ, कधी वरळी – आणि रकाना भरून आणते. लोक विचारतात, मोबाइल असताना शेजाऱ्याचं नाव कशाला? मी सांगते, आमच्या फॉर्ममध्ये कंपल्सरी आहे. खरंच मी तसं केलंय. निरोपाची चौकट रिकामी असेल तर फॉर्म सेव्ह होत नाही.

त्यामुळे गेल्या आठवड्यात पंचाईत झाली. मी रक्त दिलं, तारीख टाकायला माझीच नोंद उघडली, तर ती सेव्ह होईना. निरोप कोणाकडे? माय किनवटला. निनादचं लग्न ठरलंय, तो पुण्याला चाललाय. मग कार्डावर होतं तेच लिहिलं. नि. सामंत.

निनादने ते पाहिलं. म्हणाला, "अगं, गेलेल्या माणसाचं नाव? हा डेटा चुकीचा आहे."

मी म्हटलं, "राहू दे. त्या दिवशी पोचला ना निरोप?"

त्याने काही बदललं नाही. ती नोंद कशी आली, याचं उत्तर कोणाकडे असेल तर कळवा.